दुनळीची तपासणी

१४ नोव्हेंबर

चि. गुंड्यास अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत. अप्पांचा खोकला कमी आहे. तू दुनळीबद्दल विचारलं होतंस, ते लिहिते.

काल बंदूकवाले घरी येऊन पाहून गेले. अप्पा ती उंबऱ्याबाहेर नेऊ देत नाहीत. घोडे बाहेरच्या अंगाला आहेत, म्हणजे बंदूक फार जुनी. नळ्या लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या. पुसल्यावर लाकडासारख्या रेघा दिसतात. कारागिराचं नाव झिजलंय. दस्ता अक्रोडाचा, मुठीपाशी तडा, त्यावर पितळी पट्टी.

मग त्यांनी नळ्या सुट्या करून दोरीला टांगल्या आणि लाकडाने हलकेच ठोकल्या. घंटेसारखा नाद यायला हवा म्हणे. फुटक्या मडक्यासारखा आला.

"डावी नळी गंजाने आतून खाल्लीय," ते म्हणाले.

"माझ्याही डाव्या कानाचं तेच," अप्पा म्हणाले. आम्ही हसलो.

एक गोष्ट मी क्रमाने लिहिली नाही. नळ्या टांगण्याआधी त्यांनी बंदूक उघडली, तेव्हा त्यांचा हात थांबला. दोन्ही नळ्यांत काडतुसं होती. नवी.

"आजोबा, ही भरलेली आहे."

"मग काय शोभेला ठेवायची?"

जाताना ते मला जिन्यात म्हणाले, "ताई, या नळीत नवं काडतूस उडालं, तर समोरचा वाचेल न वाचेल, उडवणारा मात्र वाचायचा नाही." ते बंदूक घेऊन जायला तयार होते. पण अप्पांनी ती जोडून घेऊन मांडीवर ठेवली होती. त्यांचा हात उचलायची माझी हिंमत झाली नाही. "पोलिसांना कळवा," बंदूकवाले म्हणाले. पोलीस दार वाजवणार, गुंड्या.

ती दोन काडतुसं त्यांनी गुपचूप खिशात टाकली. मला तेवढ्यानेही हायसं वाटलं होतं. आज सकाळी चहा पिता पिता अप्पा म्हणाले, "तुझा माणूस दोन घेऊन गेला. नेऊ दे. आहेत."

पिठाचा डबा, गादी, ट्रंक, सगळं उलथंपालथं केलं. सापडली नाहीत.

तुझं मागचं पत्र अप्पांनीच उघडलं. 'बंदूक न्यायला रविवारी येतो' एवढीच ओळ रोज वाचतात. "कोण हा?" विचारतात. मी सांगते, गुंड्या, तुमचा मुलगा. ते हात टेबलाच्या उंचीवर धरतात. "गुंड्या एवढासा आहे. बाहेर खेळतोय. तो घरात यायच्या आत या माणसाचं बघायला हवं."

त्यांनी खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलीय. जेवतातही तिथेच. परवा शेजारीण वाटी परत द्यायला आली, तेव्हा घोडा मागे ओढल्याचा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. मी धावत जाऊन दाराच्या आणि त्यांच्या मधे उभी राहिले. तेव्हापासून कुणाची चाहूल लागली की तिथेच उभी राहते. मला बघून ते बंदूक खाली करतात. अजून तरी करतात.

रविवारी येऊ नकोस. अप्पांच्या डॉक्टरांना गाठ, काय करायचं ते विचार, पण इकडे कुणाला पाठवू नकोस. मी भाजीला म्हणून बाहेर पडते तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून तुला फोन करीन.

आणि या पत्राला उत्तर लिहू नकोस. पोस्टमनही दार वाजवतो.

दाराला पाठ लावून उभी,
तुझी ताई