ट्रकच्या ड्रममधला विस्तव

३ मार्च, मंगळवार

आईचा दवाखान्यातून फोन. खुब्याचं हाड जुळतंय, महिनाअखेर घरी सोडतील — पण घराच्या पायऱ्यांना धरायला काहीतरी असेल तरच. नाहीतर थेट वृद्धाश्रम. "डोर्सी, डावीकडे एक कठडा बसवून दे बाबा. तुझ्या हातचा. विकतचा नको." हो म्हणून बसलो.

करणार कशात? बाप गेल्यावर लोहारकीच्या सामानाची वाटणी झाली. ऐरण माझ्याकडे आली आणि भट्टीतलं बिडाचं भांडं, ज्यात विस्तव फुलतो ते, थोरल्या भावाकडे, वर्लिनकडे गेलं. भांडं त्याला हवं होतं म्हणून नव्हे, मला मिळू नये म्हणून! ऐरणीबद्दल तोही माझ्या नावानं हेच म्हणत असणार. तेव्हापासून बोलणं बंद. राहतो डोंगराच्या पलीकडे.

ग्लेना म्हणाली, "कर की एक फोन. बायको सांगतेय तुझी. तोंड झिजेल का?"

झिजेल.

५ मार्च

हॉबर्टच्या भंगारात तासभर उकरलं. कोळशाच्या ट्रकचा ब्रेक-ड्रम सापडला — जाड बीड, बुडाला आयतं भोक. हॉबर्ट म्हणाला, "तुझ्या बापानं आमच्या खाणीतली निम्मी अवजारं नीट केलीत. उचल आणि चालू लाग."

खालून वारा सोडायला मी एक चकचकीत पाइप घेतला होता. त्यानं हातातून हिसकावला. "जस्त चढवलंय याला, गाढवा. तापल्यावर याचा धूर छातीत गेला की आईच्या शेजारची खाट तुझी." काळा पाइप शोधून दिला. देव त्याचं भलं करो. मी तो जस्ताचा खरंच लावला असता.

८ मार्च

चर्चमधून आल्या आल्या पेटवलं. वारा द्यायला ग्लेनाचा हेअर ड्रायर — ती आत घेवडा शिजवत होती. विस्तव झाला, पण पसरट. ड्रमचं बूडच सपाट! कोळसा बादलीबादलीनं खातोय आणि सळई नुसती लाल. पिवळी व्हायचं नाव नाही. शिवाय काठ उंच, लांब सळई आत आडवी बसेना.

संध्याकाळी ग्लेनाला ड्रायरचं कळलं.

९ मार्च

काठाला समोरासमोर दोन खाचा कापल्या. सळई आता आरपार जाते.

बापाच्या भांड्याच्या भिंती उतरत्या होत्या, वर रुंद आणि खाली निमुळत्या. त्यामुळे विस्तव गोळा होऊन राहायचा. पण खोली किती? थंड भट्टीतली राख काढायला मला बसवायचा, तेव्हा हात कोपरापर्यंत जायचा. पण तो हात पोराचा होता. वर्लिन मोजपट्टी लावून अर्ध्या मिनिटात सांगेल.

नाही विचारणार.

१२ मार्च

ओढ्याकाठची चिकणमाती, वाळू, चाळलेली राख. ड्रमच्या आतून उतरता लेप दिला. छान दिसत होता. मग घाई नडली — ओला असतानाच पेटवलं. फटाफट ढलपे उडाले, एक माझ्या टोपीवर. आणि म्हणे लोहाराचा मुलगा!

ग्लेना दारातून, "आईला धरायला दोरीच बांध सरळ." राग आला होता, तरी हसू फुटलं. ही बाई नसती तर मी कधीच ड्रम दरीत फेकला असता.

१९ मार्च

पुन्हा लेप. या वेळी सावलीत वाळू दिला, मग रोज काटक्यांचा हलका जाळ. भेगा पडल्या त्या ओल्या मातीनं बुजवल्या. भोकावर जाळी, पाइपाच्या टोकाला राख काढायला झाकण.

२० मार्च

साधलं! मधोमध विस्तवाचा घट्ट गोळा. कडेचा कोळसा आपोआप आत उतरतोय, सळई पिवळीधमक. कोळशाचा वितळलेला मळ, म्हणजे कीट, बुडाशी एका तुकड्यात जमलं, आकड्यानं अलगद निघालं. मी एकटाच शेडमध्ये मोठ्यानं ओरडलो.

ड्रायर आज ग्लेनानं स्वतः आणून दिला. "केस वाऱ्यावर वाळवीन." बाप, हॉबर्ट, ग्लेना — तिघांचे उपकार. इथेच लिहितो. बाप ऐकायला नाही आणि बाकीचे दोघं चेष्टा करतील.

२६ मार्च

कठडा झाला. मधल्या दांड्यांना पीळ, टोकाला आईला आवडतं तसं वळण. उद्या ती यायच्या आत बसवायचा.

वर्लिनशिवाय केला. जेवढं बरं वाटायला हवं तेवढं वाटत नाहीये.

२७ मार्च

आईच्या घरी पोचलो तर उजवीकडे कठडा बसवलेला. वर्लिन गुडघ्यावर बसून शेवटचा बोल्ट आवळत होता. त्याच्या कठड्याची लोखंडी पट्टी जागोजाग चेमटलेली.

"हे ठोकलंस कशावर?" निघूनच गेलं तोंडातून.

"आगगाडीच्या रुळाच्या तुकड्यावर. ऐरण कुठाय माझ्याकडे? तू कशात तापवलंस?"

"ट्रकच्या ड्रममध्ये."

वर्लिन उठला. माझ्या कठड्याचं दुसरं टोक उचललं आणि पायरीला लावून धरलं. मी बोल्ट आवळले. दोन्हींची उंची जुळत नाही, बोटभर तरी फरक.

तेवढ्यात ग्लेना आईला घेऊन आली. आई गाडीतून उतरली, डाव्या हातानं माझा कठडा धरला, उजव्यानं त्याचा, आणि दम खात वरपर्यंत गेली. आम्ही दोघं खाली, आ वासून.

"बघताय काय?" दारातून म्हणाली. "मला हात दोन आहेत."