बोअरचं पाणी टाकीत नको

आत्या,

तू झोपली आहेस, उठवत नाही. मानवतच्या एसटीनं शाळेत जाते, पाचपर्यंत येईन.

काल बाबांच्या काचेच्या टाकीतला एक मासा मेला. टाकीच्या पाण्यात नायट्रेट फार वाढलेलं निघालं, आणि मी तुझ्यावर चिडले. तू जेवायच्या आधी ताटातली चार शितं माशांना टाकतेस, त्यानंच हे झालं, असं मी म्हणाले. तू बाबांबद्दल एवढंच म्हणालीस, "आमचा अण्णा माशाला घातल्याबिगर जेवत न्हवता गं."

आज सकाळी आपल्या बोअरचं पाणी तपासलं. नायट्रेट तपासायचे थेंब टाकून पाच मिनिटं थांबले, तर तेही टाकीतल्यासारखंच लालभडक झालं. म्हणजे महिनाभर टाकीत बोअरचं पाणी भरून भरून नायट्रेट मीच वाढवत होते. बाबा नळ आला की माशांसाठी एक टिपाड वेगळं भरून ठेवायचे. मला ती त्यांची हौस वाटायची.

आज नळ येईल. ते टिपाड भरून उघडं ठेव, क्लोरीन उडून जाऊ दे. उद्या आपण दोघी पाव टाकी पाणी बदलू. शितं मात्र नकोत, ती कुजतात. डबीतलं खाद्य चिमूटभर टाक, तुझ्याच हातानं.

बाबांच्या तेराव्यानंतर सगळे गेले, तू राहिलीस. तू होतीस म्हणून मी रोज घरी येऊन जेवले. हे कधी तोंडानं सांगितलं नाही.

दाराशी तुझी भरलेली पिशवी दिसली. तुझ्या गावची, वालूरची गाडी आज धरू नकोस. समोर बसून माफी मागेन, आणि मग ती पिशवी मीच रिकामी करेन.

मैथिली