पुस्तो गाव

सोफिया, ४ जुलै

ती. लेल्या पेनका हिस,
नेवेनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पाकिटाला पीठ लागलं होतं, त्यावरूनच कळलं की ते त्सोलोच्या पावाच्या गाडीतून आलंय. तू त्या परदेशी पाणी-निधीला लिहिलेला अर्ज मी इंग्रजीत करून पाठवला. पाठवण्याआधी तीनदा तपासला आणि पाठवून झाल्यावर चौथ्यांदा. खाली भाषांतर करणारी म्हणून माझं नाव आहे, त्यामुळे काळजी वाटते.

आणखी एक बातमी. त्याच निधीच्या इथल्या कचेरीत भाषांतरकाराची जागा निघाली आहे. ऑगस्टच्या शेवटी इंग्रजीची परीक्षा. विषय आहे जगापुढचे प्रश्न, समाजाचे आणि निसर्गाचे. मी तू शिकवलेल्या पद्धतीनेच वही केली आहे, डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ. ड्रॉट म्हणजे अवर्षण. स्केअर्सिटी म्हणजे टंचाई. डीपॉप्युलेशन म्हणजे लोक निघून गेल्यामुळे मुलूख रिकामा होणं. असे एकशे चाळीस शब्द झाले आहेत.

विहिरीला पाणी किती आहे ते खरं खरं कळव. भरलेली बादली एकटीने ओढू नकोस. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी भाची
नेवेना


कालिनदोल, १७ जुलै

चि. नेवेनास अ. आ.

तुझे शब्द वाचले. भारदस्त आहेत, पण एकातही माणूस दिसत नाही. टंचाईसमोर गेरगिना म्हातारीचं नाव लिही. ती भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळते आणि तेच मिरच्यांना घालते. डीपॉप्युलेशनसमोर स्वतःचं लिही, म्हणजे लगेच पाठ होईल. रागावू नकोस. तू सहा वर्षांची असताना 'गाढव' हा शब्दही मी तुझ्याकडून असाच पाठ करून घेतला होता.

विहिरीचं विचारलंस. दोर दोनदा वाढवला. डोंगरातून येणारा नळ फुटल्याला दोन वर्षं झाली. नगरपालिकेचा साहेब म्हणतो, सात माणसांसाठी नळ कोण घालणार. त्यामुळे आता सगळी भिस्त तुझ्या इंग्रजीवर. पुस्तो त्सोलो शुक्रवारी फिरकलाच नाही, तर आम्ही शिळ्या पावाचं सूप केलं. त्यातलं दूध पुस्तो मांजराने आधीच चाटलं होतं.

नीट जेवत जा. आम्हा सातांची आठवण आहे ना, तेवढं पुरे.

तुझी
लेल्या पेनका


सोफिया, ८ ऑगस्ट

ती. लेल्यास सा. न. वि. वि.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. निधीचं उत्तर आलं. फार सभ्य भाषेत लिहिलं आहे. ते म्हणतात, पाण्याची मदत फक्त वस्ती असलेल्या गावांना मिळते. कालिनदोल निर्जन असल्यामुळे तिथली जमीन पुन्हा रानाला सोडण्याच्या योजनेत घेता येईल. त्याबद्दल त्यांनी आपलं अभिनंदनही केलं आहे.

चूक माझी आहे. तू अर्जाच्या मथळ्यातच लिहिलं होतंस की आमच्या पुस्तो गावाला पाणी द्या. पुढे आणखी दोनदा तोच शब्द. शब्दकोशात पुस्तो म्हणजे ओस, रिकामं. मी तिन्ही ठिकाणी अबँडन्ड लिहिलं, म्हणजे लोकांनी सोडून दिलेलं. तो शब्द माझ्या वहीत अगदी पहिल्या पानावर होता. सात माणसांचा आकडा खाली होता, पण ती सात माणसं पूर्वी राहणारी असावीत असा त्यांचा समज झाला. तू मांजराला पुस्तो म्हणतेस, न बरसणाऱ्या ढगाला म्हणतेस, मी सोफियाला निघाले तेव्हा मलाही म्हणालीस. वैतागूनही म्हणतेस आणि जीव लावूनही. हे मला सोडून कोणाला ठाऊक असणार, आणि मीच विसरले.

समिती सहा सप्टेंबरला बसते. दुसरं भाषांतर गुपचूप पाठवता येईल. अर्ज गावंढळ बोलीत होता असंही लिहिता येईल. खरं लिहिलं तर ते पत्र त्याच कचेरीत जाणार जिथे माझी परीक्षा आहे. काय करू, ते सांग. रागाव, पण लिही.

नेवेना


कालिनदोल, १५ ऑगस्ट

चि. नेवेनास,

आशीर्वाद आहेतच, पण आज ते शेवटी.

मी निर्जन आहे हे मला परदेशातून कळलं. गेरगिनाला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मग यंदा मिरच्या कोण भाजणार, रानडुकरं का? तिचा जन्म इथला आहे, आणि आपण इथे नाही असं तिला कोणी कधी म्हटलं नव्हतं.

माझी बोली गावंढळ असेल. तू पहिलं अक्षर त्याच बोलीत गिरवलंस. खालच्या गावची शाळा बंद झाली तेव्हा आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाटी, वही, पेन्सिल सगळं होतं, फक्त खोडरबर नव्हतं. का नव्हतं ते तुला ठाऊक आहे. चुकीवर एकच रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे, आणि बाजूला बरोबर शब्द लिहायचा. तू रडायचीस, कारण तुला पान स्वच्छ हवं असायचं.

नोकरी तुझी आहे आणि पाणी आमचं. म्हणून मी काही सांगत नाही. दोर तिसऱ्यांदा वाढवला. बादलीत निम्मा चिखल येतो, तो रात्रभर खाली बसू देतो आणि वरचं पितो.

आता आशीर्वाद.

लेल्या पेनका


सोफिया, १२ सप्टेंबर

ती. लेल्यास सा. न. वि. वि.

मी स्वतः कचेरीत जाऊन आले. अर्जाच्या प्रतीवर तिन्ही ठिकाणी एकेक रेघ मारली, सही केली, आणि ही चूक अर्जदाराची नाही, माझी आहे असं समासात लिहिलं. तिथल्या बाईंनी विचारलं की मग बरोबर शब्द कोणता. लेल्या, मला तो सापडला नाही. एकशे चाळीस शब्दांत एकही बसेना. शेवटी मी म्हटलं की माझी मावशी तिच्या मांजराला, ढगाला आणि मला हेच म्हणते. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं.

समिती निर्णय घेण्याआधी कोणालातरी पाहणीला पाठवणार आहे. परीक्षेत मला चांगले गुण मिळाले, पण जागा दुसऱ्या मुलीला दिली. इथे एकेका शब्दावर गावं अवलंबून असतात, असं ते म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. मी एका शिकवणीत इंग्रजी शिकवायला लागले आहे. थोडं रडले. तुला सांगितलं नसतं, पण लपवलं तर तेही चुकीचं भाषांतरच होईल.

गेरगिना आजीची माझ्या वतीने माफी माग. तुझी माफी मी भेटून मागेन.

नेवेना


कालिनदोल, ९ ऑक्टोबर

चि. नेवेनास अ. आ., या वेळी पहिल्याच ओळीत.

तुझा पाहणीवाला आला. त्याची मोटार ओढ्यात रुतली, म्हणून पावाच्या गाडीत पोत्यावर बसून आला. गेरगिनाने लग्नातला एप्रन घातला होता, आपण आहोत हे दिसावं म्हणून. अंगणात आम्ही मिरच्या भाजत होतो. त्याला आधी गरम मिरची, चीज आणि पाव दिला, मग विहिरीवर नेलं. बादली त्यालाच ओढायला लावली. त्यात काय आलं ते बघून तो कागदावर बराच वेळ लिहीत होता.

पुस्तो म्हणजे काय, असं त्याने आमच्या भाषेत अडखळत विचारलं. तेवढ्यात गेरगिनाच्या बोटाला चटका बसला आणि तिने मिरचीला तोच शब्द हासडला. मग ती मिरची सोलून त्याच्याच ताटात वाढली. तो म्हणाला की समजलं.

गाव पुन्हा यादीत आलं आहे. नळाचं वसंतात ठरेल. ठरलंच असं मी म्हणत नाही, पण फाईल रानाकडून माणसांकडे आली.

एक तुला सांगायचं राहिलं. त्याने माणसं किती ते विचारलं तेव्हा मी नावं घेत गेले आणि त्याने आठ लिहिले. सातच आहोत आम्ही. सवयीने तुझं नाव तोंडातून गेलं. मी त्याला थांबवलं. तो खोडरबर काढायला लागला, पण मी त्याला रेघ मारायला लावली आणि बाजूला सात लिहायला लावलं.

त्या कागदावर आठ अजून वाचता येतो.

नाताळला ये, पुस्तो पोरी. दोर ओढायला कोणीतरी लागतंच.

तुझी
लेल्या पेनका