चक्की आता करकरत नाही

हॅरिसन, नेब्रास्का
७ ऑगस्ट १९८३

चि. ऑर्व्हल यास,
दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, वारा नेहमीचाच. परवा पोस्टापाशी माझी टोपी उडाली ती थेट चर्चच्या कुंपणाला जाऊन अडकली. पाद्रीबुवा म्हणाले, रायनी, तू नाहीस तर नाही, तुझी टोपी तरी आली प्रार्थनेला!

आता कामाचं. सप्टेंबरचा दुसरा आठवडा धर. माशा कमी झालेल्या असतात आणि बर्फाला अवकाश असतो. व्हर्नाकाकूंच्या कुरणातल्या आपल्या केबिनचं धुराडं मी नवीन घेऊन येतो. गेल्या खेपेला त्यात घुबड बसलं होतं. तू खाली घोरायचास आणि ते वरून उत्तर द्यायचं. तू फक्त कॉफी आण, पण कृपा कर, तुमच्या बँकेतलं ते रंगीत पाणी नको. बूट उंच आण. पायरीखालचा खुळखुळ्या साप अजून तिथलाच रहिवासी आहे आणि तुझे शहरी बूट बघून त्याला चेव येतो.

कोबी-खिम्याचे पाव मी करीन. तुझ्या वहिनीच्या, मॅग्डाच्या हाताचे नसतील. मागच्या रविवारी एकदा करून बघितले, तर कुत्र्यानं नुसता वास घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू माझीच कीव आली.

खरं सांगू? ती गेल्यापासून या घरात माझा आवाज मलाच ऐकू येतो. हिवाळा कसा काढला ते लिहीत नाही. फक्त म्हणत होतो, सप्टेंबर येऊ दे. गुरांच्या हौदात कलिंगड गार करायला टाकायचं, दोघांनी पायरीवर बसायचं, आणि वर आपली पवनचक्की तेलासाठी करकरत असेल. अख्ख्या जिल्ह्यातल्या चक्क्या मी दुरुस्त करतो, डोळे मिटून आवाजावरून ओळखतो. पण तिचं करकरणं म्हणजे आपल्या बाबांचं खोकणं. लांबून कानावर आलं की वाटतं, घरातलं कोणीतरी जागं आहे.

कधी निघतोस ते उलट टपाली कळव. लोभ आहेच, त्याची वसुली सप्टेंबरात.
तुझा,
दादा

शायेन
१५ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं आणि लगेच वाईटही वाटलं. माझ्या गुडघ्यानं दावा मांडलाय. डॉक्टर जिना चढू देत नाहीत, तर कुरणातून कुठले जाऊ देतात! त्यात बँकेत नवे संचालक आलेत, त्यांची सरबराई माझ्याच गळ्यात.

आणखी एक. व्हर्नाकाकूंशी फोनवर बोलणं झालं. केबिनचं छप्पर खचलंय, यंदा कुणीच आत जायचं नाही असं त्यांचं म्हणणं. तू त्यांना विचारायला जाऊ नकोस. आता त्यांना अजिबात ऐकू येत नाही, ओरडून बोलावं लागतं आणि मग त्या दमतात. मन घट्ट कर, दादा. पुढच्या वर्षी नक्की जमवू.

प्रकृतीला जप. डोक्यावर तुझा हात असाच राहू दे.
तुझा,
ऑर्व्हल

हॅरिसन
२१ ऑगस्ट

चि. ऑर्व्हल यास,
आशीर्वाद. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण आधी गुडघा. सोबत हंसाच्या चरबीचं मलम पाठवतोय. वास येतो, त्यामुळे संचालक जरा लांब बसतील, हा त्याचा दुसरा गुण.

छप्पर काकूंचं, मर्जी काकूंची. मात्र चक्कीकडे मी जाऊन येतो. काकूंचे यजमान एमिल टोलस्ट्रप यांनी मला पहिलं काम दिलं तेव्हा माझ्यापाशी एक पाना होता आणि शिडी उसनी. जिवंत आहे तोवर तुमची चक्की बघीन, असा शब्द मी त्यांना दिलाय. दुसऱ्या शनिवारी जाईन, तेल देईन, केबिनच्या आत पाऊल टाकणार नाही. तुझ्या वाटणीचं कलिंगड हौदात सोडून येईन.

पायावर जोर देऊ नकोस. लोभ आहे तिथेच आहे.
दादा

शायेन
२६ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि. घाईत लिहितोय. तू अजिबात जाऊ नकोस. पुलापाशी रस्ता वाहून गेलाय. आणि तेलाचं तर कारणच उरलं नाही. चक्की आता करकरत नाही, लोण्यासारखी फिरतेय. या वयात उगाच वर चढून हातपाय मोडून घेशील. माझी शपथ आहे.
ऑर्व्हल

हॅरिसन
३० ऑगस्ट

ती. व्हर्नाकाकूंस,
रायनीचा नमस्कार. ऑर्व्हल शायेनला गुडघा धरून बसलाय आणि इथली चक्की करकरत नाही हे त्याला तिथून ऐकू येतंय. माझे कान तिखट आहेत, पण इतके नाहीत. तुमच्या छपराला काय झालं? माझं काही चुकलं असेल तर पत्रानं कान धरा.
तुमचा,
रायनी

टोलस्ट्रप यांचं कुरण
३ सप्टेंबर

चि. रायनीस,
काकूचे आशीर्वाद. छपराला काय धाड भरलीय? तूच तर नीट केलंस ते. उलट मीच तुझ्यावर रुसून बसले होते. जूनमध्ये ऑर्व्हल आला, चांगला टुणटुण उड्या मारत. म्हणाला, मॅग्डावहिनी गेल्यापासून दादाला ती जागा डोळ्यांपुढे नको झालीय, किल्ली आता माझ्याकडे द्या. मी दिली. मनात म्हटलं, इतक्या वर्षांचा लोभ, आणि रायनीला हे स्वतः येऊन सांगवेना?

तेव्हापासून तो बँकेच्या साहेबांना घेऊन येतो. पुढच्या शनिवारीही यायचेत. करकरीनं पाहुण्यांची झोप मोडते म्हणून स्वतः वर चढून चक्कीला तेल पाजलंन.

आणि मला ऐकू येत नाही म्हणे! त्यानं मला बहिरी ठरवलंय ते एका परीनं बरंच झालं. बहिऱ्या बाईसमोर माणसं मोकळं बोलतात. मी त्यांच्यासाठी आलुबुखारचा केक घेऊन गेले होते. त्यातल्या एका जाड्या साहेबानं विचारलं, एवढी जुनी चक्की इतकी झकास कोण ठेवतं? मला धन्य वाटलं, की आता तुझं नाव निघणार. ऑर्व्हल म्हणाला, आहे एक पवनचक्कीवाला, येऊन जातो वर्षातून एकदा. मी थांबले. पुढे काहीतरी बोलेल म्हणून थांबले. तो केक कापायला लागला.

तू म्हण, उद्या किल्ली काढून घेते त्याच्याकडून. जेवायला ये. मी तुझ्यावर उगाच रुसले, ते मनात ठेवू नकोस.
व्हर्नाकाकू

हॅरिसन
१२ सप्टेंबर

श्री. ऑर्व्हल केस्लर यांस,
स. न. वि. वि. आपल्या गुडघ्याला आराम पडल्याचं समजलं. आनंद वाटला.

शनिवारी चक्की पाहून आलो. रस्ता कोरडा आहे, पूल जागेवर आहे. तेल होतं, तरी वरचे बोल्ट आवळायचे होते म्हणून चढलो. केबिनमध्ये आपले पाहुणे असावेत, हसणं बाहेर येत होतं. मी शिडीवर असताना आपण दारात आलात, वर पाहिलंत आणि आत गेलात. आत गेल्यावर पाहुण्यांना काय सांगितलंत ते ऐकू आलं नाही. वारा उलटा होता.

काकू किल्ली परत मागणार होत्या. मी नको म्हटलं. किल्लीनं कुलूप उघडेल, सप्टेंबर परत मिळणार नाही. मलमाची बाटली ठेवून घ्यावी, कधीतरी खरंच लागेल.

कलिंगड हौदात सोडलंय. पाहुण्यांना गार मिळालं असेल. एमिल यांना शब्द दिलेला असल्यामुळे पुढच्या वर्षीही याच सुमारास येऊन जाईन. त्या वेळी आपण वर पाहण्याची तसदी घेऊ नये.

आमच्या घरी पत्राच्या शेवटी लोभाचं काहीतरी लिहायची पद्धत आहे. गिऱ्हाइकांना तसं लिहीत नाहीत. म्हणून इथेच थांबतो.
आपला,
पवनचक्कीवाला