खांबाआडची जागा

रविवार, १४ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळं ठीक. बाबांची तब्येत बरी आहे, जेवण व्यवस्थित आहे, नळवाला येतो येतो म्हणून अजून उगवलेला नाही.

नव्या स्टेडियममध्ये बाबांना मैदानाला लागून असलेल्या, सगळ्यात महागड्या रांगेतला वर्षाचा पास काढून दे, पैसे मी पाठवतो, असं लिहिलंयस. दादा, तो पास नको. रागावू नकोस, पुढचं वाच.

मी तिथे तिकिटांचे दर ठरवते हे तू चारचौघांत मिरवतोस, वहिनी म्हणाली. तर मिरवण्यासारखं मी काय केलं ते ऐक. जुन्या मैदानात गोलच्या मागे, छताच्या जाड खांबाआड उभं राहायची जागा होती, आठवते ना? अर्धं मैदान दिसायचंच नाही, म्हणून तिकीट सगळ्यात स्वस्त. दरपत्रकात त्या वर्गाचं नावच 'खांबाआड'. नव्या स्टेडियममध्ये खांबच नाहीत, मग हा वर्ग हवा कशाला, म्हणून मी तो एका फटक्यात काढून टाकला. 'आता प्रत्येकाला सगळं दिसणार' हे जाहिरातीतलं वाक्यही माझंच. साहेबांनी पाठ थोपटली. आठवडाभर मी हवेत होते.

पहिल्या सामन्याला बाबांना कर्मचाऱ्यांच्या पासावर माझ्या शेजारी बसवलं. नवा शर्ट घालून आले होते. आजूबाजूची मंडळी गप्प, जो तो मोबाइल वर धरून बसलेला. थोड्या वेळाने बाबा हळूच म्हणाले, "बॉल कुठंय?"

मी म्हटलं, "तो काय, तिथे."

"तिथे म्हणजे कुठे?"

मी बोट दाखवलं. बाबा माझ्या बोटाकडेही बघत नव्हते.

दादा, त्यांना दिसत नाही. उजेड कळतो, समोर कुणी उभं आहे हे कळतं, बस. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं. आता फार काही होण्यासारखं नाही म्हणाले. दोनेक वर्षं हे चाललंय आणि मला पत्ता नाही. खुर्ची इंचभर हलवू देत नाहीत म्हणून मी त्यांना हेकट म्हणायचे. लाज वाटते मला.

खांबाआड मात्र त्यांचं छान चालायचं. तिथे कुणालाच धड दिसायचं नाही. जो तो शेजाऱ्याला "काय झालं, काय झालं" विचारणार आणि ज्याला दिसेल तो ओरडून सांगणार. त्यात लांब्याकाकांची मान सगळ्यांच्या वर, म्हणून बाबांना अख्खा सामना त्यांच्या तोंडून, शिव्यांसकट. त्या गर्दीत बाबा चारचौघांसारखेच होते.

सामन्याहून परतताना त्यांनी एवढंच विचारलं, "नव्या जागेत एकही खांब नाही?" मी नाही म्हटलं. "मग लांब्या कुठे उभा राहायचा?"

तेव्हापासून बाबा फुटबॉलचं नाव काढत नाहीत. रेडिओसुद्धा लावत नाहीत. नुसते बसून असतात आणि मला त्याची फार भीती वाटते.

साहेबांकडे स्वस्त वर्ग परत मागितला. "खांबच नाही, तर स्वस्त दरासाठी अडथळा कसला दाखवणार?" म्हणाले आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं.

तू पाठवणार आहेस त्या पैशांत अगदी वरच्या रांगेतले दोन पास येतात. तिथून खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात, पण बाबांचं काय अडतंय? दुसरा पास लांब्याकाकांना. मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी आत ये म्हटलं नाही. "आमची जागा पुसलीस, आता दान करतेस होय?" म्हणाले. चूक नाही त्यांची. पण तुला त्यांनी खांद्यावर बसवून सामने दाखवलेत, तुझं ऐकतील. बाबांना सोबत हवीय, एवढंच लिही.

डोळ्यांचं मात्र समजावत बसू नकोस. दार लावता लावता काकाच मला म्हणाले, "कॉर्नर कुठल्या बाजूचा ते त्याला आधी सांगत जा, मग बाकीचं." खांबाआडच्या सगळ्यांना माहीत होतं, दादा. नव्हतं ते आपल्याला.

लवकर लिही. मी दारात पाऊल टाकलं की बाबा "कोण, छकुली?" असं विचारतात. इतके दिवस मी ते लाड समजत होते.

तुझी,
छकुली