आजींच्या उंचीचा ओटा

ती. आईस,

साष्टांग नमस्कार. माझं कोंबडीच्या पायांचं अक्षर बाबांकडून लावून घे. मी वेळेवर जेवतो, अगदी खरं. हातही आता सोलवटत नाहीत.

वादळात पडलेली घरं बांधायला आलोय. आमचा गवंडी तुझ्याच सुरात ओरडतो, "लक्ष कुठंय रे भिंगरी?"

तर सांगत काय होतो, काल एका आजोबांचं स्वयंपाकघर बांधलं. आजी वादळात गेल्या. आता आजोबाच रांधणार, म्हणून ओटा त्यांच्या उंचीचा केला. त्यांनी त्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, उंच झाला. तिचा हात नाही पोचायचा."

मी म्हणालो, "आजोबा, वाकून वाकून कंबर जाईल तुमची."

"जाऊ दे. तिच्याएवढाच करा."

एरवी शिव्या घालणाऱ्या गवंड्याने मुकाट्याने वरचे दोन थर उतरवले. आज आजोबांनी वाकून आम्हा सगळ्यांना चहा केला. साखर विसरले, आम्ही तसाच प्यायलो.

आई, बाबांना चहा करता येतो का गं? येत नसेल तर राहू दे. शिकवू नकोस, तूच करत राहा.

तुझा,
पायाला भिंगरी लागलेला लेक