बी भावंडांकडे असतं

३ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

वाफ्यात एक अजब फूल उमललंय. पाकळ्यांत पाकळ्या, त्यांत आणखी पाकळ्या. केसर औषधालाही नाही! बाकी सगळी रोपं नेहमीची, चार पाकळ्यांची. तुझ्या बापाला सांगितलं तर म्हणाला, फूल ते फूल, त्यात काय एवढं.

शेजारचा फरशीवाला माझी रोपवाटिका विकत घ्यायला टपून बसलाय. तुमच्यामागे हे बघणार कोण, असं तोंडावर विचारतो मेला. या फुलाचं बी धरलं, तर गिऱ्हाईकं रांगा लावतील आणि मी त्याला दारातूनच परत पाठवीन. तुझ्या प्रयोगशाळेतल्या माश्यांना मिशांच्या जागी पाय फुटतात म्हणे. तसलंच काही झालंय का इथे? लगेच कळव. लग्नाचं विचारत नाही, घाबरू नकोस.

तब्येतीला जप, मायेत खंड नको.
तुझी,
आत्या

८ फेब्रुवारी

ती. स्व. आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आत्या, अगदी तसलंच झालंय. काही जनुकं मुकादमासारखी असतात. स्वतः वीट रचत नाहीत. कुठे काय उभं राहायचं तेवढं सांगतात. माशीत वेगळी, फुलात वेगळी, पण काम तेच. तुझ्या फुलातला केसरांचा मुकादम गैरहजर आहे, म्हणून केसरांच्या जागी पाकळ्या आल्या आणि बीजकोशाच्या जागी आणखी एक फूल.

म्हणजे वाईट बातमी अशी की हे फूल बी धरणार नाही. पण धीर सोडू नकोस. बी भावंडांकडे असतं. ती चार पाकळ्यांची साधी दिसतात, पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत हाच दोष लपलेला असतो. त्यांचं बी पेरलंस की पुढच्या हंगामात अशी फुलं पुन्हा येतील. त्यांना हात लावू नकोस.

बाबा बरे आहेत. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा,
भुंगा

१५ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मंगळवारी आलं. रविवारीच मी सगळी भावंडं उपटून टाकली होती. साध्यांचा पराग लागून चांगली जात बिघडू नये म्हणून; आयुष्यभर असंच करत आले. खताच्या खड्ड्यात जाऊन पाहिलं तर नुसता लगदा. शेंग धरायच्या आतच उपटलेली, त्यातून काय मिळणार? पुडीतलं बीही सगळं पेरून झालेलं, आणि या जातीची काडी खोचली तरी मूळ धरत नाही. खड्ड्याच्या काठावर बसून रडले रे, वेड्यासारखी.

संध्याकाळी फरशीवाला आला. कागद घेऊनच. मी त्याला नाही म्हणून सांगितलं. फूल गेलं ते गेलंच. पण तुझं ते एक वाक्य, बी भावंडांकडे असतं, डोक्यातून जाईना. मला मूल नाही. भाऊ माझा चार पाकळ्यांचा, कुंडीला पाणी घालायचं तरी विसरतो. आणि त्याच्या पोटी तू निघालास, चालता येईना तेव्हापासून माझ्या वाफ्यात माती खाणारा.

नोकरी सोड असं म्हणत नाही. सुट्टीत ये, खुरपं हातात धर आणि मी आहे तोवर शिकून घे. तुझ्या बापाशी मी बोलते.

वाट पाहते.
तुझी,
आत्या